दोन हंगाम टिकणारं लायनर

आता गाड्यांना पॅड असतं. आमच्या वेळी लायनर होतं. चाकाच्या आत लोखंडी ड्रम, ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, आणि त्या शूवर तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेली जाड पट्टी. पायानं ब्रेक दाबला की ती पट्टी ड्रमला आतून घासायची आणि गाडी थांबायची. त्या पट्टीचं नाव लायनर. घासली की झिजायची, झिजली की बदलायची. एवढं कळायला शाळा लागत नाही. मी मराठी तिसरी शिकलो, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून, तरी मला कळलं. आमचे मालक इंग्रजी चौथीपर्यंत गेलते, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मालक म्हणजे गुळाचे अडते. शाहूपुरीत त्यांची पेढी. संस्थान विलीन झालं तेव्हा बड्या घरातल्या बऱ्याच वस्तू बाहेर निघाल्या. झुंबरं निघाली, बंदुका निघाल्या, घोडे निघाले. तशीच एका सरदाराच्या घरातली काळी विलायती मोटार निघाली आणि ती आमच्या मालकांनी घेतली. तोपर्यंत त्यांच्या घराण्यात चाक म्हटलं की बैलगाडीचं. त्यामुळं मोटारीचा कुठलाही विषय निघाला की मालक फिरून बैलगाडीवर यायचे. पेट्रोल म्हणजे वैरण. टायर म्हणजे धाव. हॉर्न म्हणजे घुंगरं. आणि ड्रायव्हर म्हणजे गाडीवान, फक्त पँट घातलेला.

मला कामावर घ्यायच्या आधी त्यांनी एक ड्रायव्हर काढून टाकला होता, तो लायनरपायी. एका हंगामात त्यानं लायनर संपवलं. नवं लायनर मुंबईहून यायचं आणि चारी चाकांचं घ्यायचं म्हटलं तर ड्रायव्हरच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पडायचं. मालकांनी हिशेब सोपा केला. लायनर काढता येत नव्हतं, म्हणून ड्रायव्हर काढला.

मी गेलो तेव्हा पेढीवर सौदा नुकताच संपला होता. हमाल गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, टेकून बिड्या ओढत बसले होते. मालक गादीवर.

"गाडीची धाव किती वर्सं टिकती ठावं हाय का तुला?" मालकांनी पहिलाच प्रश्न टाकला. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेलं लोखंडी कडं.

"टिकती की धा-बारा वर्सं."

"आणि ह्ये लायनर सा म्हैन्यात खल्लास. मंबईवाला फसवतोय का ड्रायव्हर खातोय?"

"ड्रायव्हर खातोय," मी म्हटलं.

हमाल हसले. मालक हसले नाहीत, पण मांडी बदलून बसले. मला कळलं, नोकरी लागली. तिथंच गप्प बसायचं होतं. पण आपण गप्प बसणाऱ्यातले नव्हतो.

"चांगल्या ड्रायव्हरला ब्रेक लागतच न्हाय, मालक. ज्येला फुडचं दिसत न्हाय, त्येला ब्रेक लागतोय. मी आजऱ्याच्या वाटंवर लढाईच्या दिसात लॉरी चालवलीया. कोळशाच्या ग्यासवरची. ब्रेक नुसता नावाला. पाय ठेवायला जागा असावी म्हणून."

"मग तुझ्या हातात लायनर किती टिकंल?"

"दोन हंगाम."

"आणि न्हाय टिकलं तर?" हे मालकांनी विचारलं नाही. एका हमालानं विचारलं. बिडी विझवत, सहज. त्या हमालाला मी पुढं बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"न्हाय टिकलं तर त्याच दिवशी किल्ली हितं गादीवर ठेवतो. आणि पुन्यांदा कुठल्या मोटारीच्या स्टेअरिंगला हात लावत न्हाय."

सगळी पेढी ऐकत होती. गुळाचा हंगाम म्हणजे दिवाळीपासनं उन्हाळ्यापर्यंत, असे दोन. तेवढं लायनर टिकलं तर मी शाहूपुरीतला पहिल्या नंबरचा ड्रायव्हर. नाही टिकलं तर मी कोण, ते मलाच ठाऊक नव्हतं. स्टेअरिंग सोडून मला दुसरं काही येत नव्हतं आणि घरात खाणारी पाच तोंडं होती.

दसऱ्याच्या आधी उद्यमनगरात मिस्त्रींकडं गाडी नेली. मिस्त्री म्हणजे कोल्हापुरातला जुना माणूस, हाताला कायम काळं, बोलणं कमी. त्यांनी जुनं खरवडून काढलं, नवी पट्टी बेतली, एकेक रिबीट ठोकून बसवलं. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, "नवं हाय, आठ दिस वरडंल. घासून घासून ड्रमला बसलं की गप हुतंय. आणि तेला-वंगणाचा थेंब लागू द्यायचा न्हाय. तेल लागलं की लायनर मेलं."

मी मान डोलावली. मला काय सांगता, अशी.

आता माझी चालवायची पद्धत सांगतो. पुढं पन्नास पावलांवर काय आहे ते बघायचं आणि तिथपासनंच गाडी हळू करायची. गिअर उतरवायचा, इंजिन गुरगुरू द्यायचं. चढाला थांबायचं, उताराला थांबायचं नाही. माणूस आडवा आला तर हॉर्न, तरी हटला नाही तर खिडकीतनं तोंड बाहेर काढून त्याच्या बापाची चौकशी. एवढं केलं की ब्रेकचं काम राहत नाही. फक्त एकच अडचण. गाडी बरोबर दारात उभी राहील याची खात्री देता यायची नाही. पेढीच्या दारात थांबायचं म्हटलं की गाडी कधी वीस पावलं आधी थांबायची, कधी तीस पावलं पुढं. मालकांना तेवढं चालायला लागायचं. रोज सकाळी धोतराचा सोगा हातात धरून मालक लांबनं चालत येताना दिसले की हमाल आपसात बोलायचे, पण मालकांना ऐकू जाईल असं.

"आज दुकान मागं ऱ्हायलं वाटतं."

"न्हाय रं, मालक फुडं गेलं."

मालक मला म्हणायचे, "ड्रायव्हर, जरा दारात लाव की."

"लावतो की. मग लायनरचं मला इचारायचं न्हाय."

मालक चालायला लागायचे. चालणं फुकट होतं, लायनर नव्हतं.

खरा वैरी म्हैस. कोल्हापुरात सकाळी म्हशी रस्त्यावर असतात, गिऱ्हाईकाच्या समोर धार काढायला निघालेल्या. माणूस हॉर्नला भितो, म्हैस भीत नाही. तिला हॉर्न वाजवला की ती थांबून बघते, कोण आलंय म्हणून. तिथं ब्रेक मारायला लागायचा आणि प्रत्येक ब्रेकला किती लायनर गेलं याचा मी हिशेब करायचो. एकदा मी खाली उतरून गवळ्याला सांगितलं, "तुझ्या म्हशीनं माझं सूतभर लायनर खाल्लं."

गवळी म्हणाला, "दूध पाजतो की बदली. लायनरला कुठं तोंड असतंय सांगा."

दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली, गुळाची आवक सुरू झाली. लायनर टिकत होतं. पण एक झालं. मिस्त्री म्हणालते आठ दिवस ओरडेल, ते दोन महिने झाले तरी ओरडत होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला की चाकातनं असा आवाज निघायचा की रस्त्यावरची माणसं कानावर हात ठेवायची. मी म्हटलं ओरडू दे. आवाजानं लायनर झिजत नाही.

मालकांना मात्र तो आवाज लागायला लागला. मोटार घेतली होती ती मोठेपणासाठी. तिनं कुरकुरणं म्हणजे नवं धोतर टरकन फाटल्यासारखं. त्यात त्यांच्या मुलीचं लग्न मुरगूडला ठरलं. बोलणी पक्की करायला आम्ही गेलो. मुलाच्या दारात पाटावर सगळे सोयरे बसले होते. दाराच्या अलीकडंच गाडी उभी करायचा माझा बेत होता, पण तिथं एक पोर आडवं आलं. मी ब्रेक दाबला. गाडी अशी ओरडली की गल्लीतली कुत्री उठली आणि पार वेशीपर्यंत भुंकत गेली.

नवऱ्यामुलाचा चुलता उठून पुढं आला. हात जोडले. म्हणाला, "या पावणं. मोटार आणलीसा म्हणं. आमी म्हटलं उसाची गाडी आली."

मालक हसले. परत येताना कागल येईपर्यंत चाकाकडं कान लावून बसले. मग म्हणाले, "चाकाला वंगण घाल."

"न्हाय."

"का न्हाय?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"आरं, चाक हाय न्हवं ते? चाक कुरकुरलं की वंगण घालायचं. माझ्या बाऽनं घातलं, त्येच्या बाऽनं घातलं."

इथं माझी चूक झाली ती मी लिहून ठेवतो. लायनरला तेल लागलं तर ब्रेक धरत नाही, उतारावर माणसं मरतील, एवढं सांगायला दोन वाक्यं पुरे होती. मी सांगितली नाहीत. माझं म्हणणं असं की ड्रायव्हरनं नाही म्हटलं की नाही. कारण मागायला मालक कोण? बैलाच्या शेपटीला धरून मोठा झालेला माणूस मला चाक शिकवणार? मी पुढं बघत गाडी चालवत राहिलो. मालक मागं बसून माझ्या मानेकडं बघत राहिले.

लग्न माघात झालं. आमच्याकडं लग्न झालं की नवं जोडपं जोतिबाला जातं. त्याशिवाय संसार सुरू झाला असं कुणी धरत नाही. मालकांनी ठरवलं, लेक-जावई मोटारीनं डोंगर चढणार. मी पहाटे गाडी धुतली, पुसली, झेंडूच्या माळा बांधल्या आणि अंघोळीला घरी गेलो. घर जवळच, पण अंघोळ, न्याहारी आणि नवा सदरा घालून यायला तासभर लागला.

त्या तासात मालकांनी त्यांच्या जुन्या गाडीवानाला बोलावलं. हा म्हातारा मालकांच्या वडिलांपासनं घरात. त्याच्या बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं कायम लटकलेलं, एरंडेलानं भरलेलं. मालक म्हणाले, घाल. त्यानं घातलं. ड्रम आणि मागचा पत्रा यांच्यात फट असते, त्या फटीत कोंबडीच्या पिसानं, मग पिसानं पुरेना म्हणून नळकांडं तिरपं करून. चारी चाकांना. काम चोख. बैलगाडीला घालतात त्याच्या चौपट घातलं, कारण मोटार मोठी.

मला कुणी काही सांगितलं नाही. आणि दुसरा कुठलाही ड्रायव्हर असता तर त्याला पहिल्याच वळणावर कळलं असतं, कारण त्यानं ब्रेकवर पाय ठेवला असता. मी ठेवला नाही. पेढीपासनं पंचगंगेचा पूल, पुलापासनं डोंगराचा पायथा, पायथ्यापासनं वर जोतिबापर्यंत मी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. नव्या जावयासमोर तर मला दाखवायचंच होतं की बघा, गाडी कशी हाकतात. जावई पुढं माझ्या शेजारी, कोट-टोपीत, एकदम गप्प. मागं मालक आणि लेक, हातभर हिरवा चुडा ल्यालेली. वर पोचल्यावर चढ बघून गाडी उभी केली आणि मागच्या चाकाला दगड लावला.

ते दर्शन करून आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे गुलालानं लाल. मालक खुशीत होते.

"ड्रायव्हर, आज येकदा तरी वरडली का रं?"

मला कळेना. "कोण?"

"मोटार. येकदा तरी वरडली? वंगण घातलंय. तू न्हाय म्हनलास म्हणून काय झालं? घालणारा भेटला."

मी खाली बसलो आणि चाकाजवळ तोंड नेलं. ड्रमच्या कडेनं एरंडेल ओघळून टायरवर आलं होतं, त्यावर रस्त्याची लाल धूळ बसली होती. उठलो, गाडीत बसलो, दगड काढायला लावला, गाडी दोन हात मागं येऊ दिली आणि ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी मागं येतच राहिली. हातब्रेक ओढला. त्याचंही लायनर तेच. शेवटी पहिल्या गिअरमध्ये धरली.

खाली उतरून मी मालकांना बाजूला घेतलं. "मालक, सगळ्यांनी चालत उतरायचं. मी मोकळी गाडी घेऊन येतो."

"जावई चालत उतरणार? येड लागलंय का तुला?"

"ब्रेक न्हाय."

"ब्रेक न्हाय म्हंजे? तुला तर ब्रेक लागतच न्हाय! गावभर सांगत फिरतोस की!"

हे मालक मोठ्यानं बोलले. जावई ऐकत होता, लेक ऐकत होती, आजूबाजूचे दोन गुरव ऐकत होते. मला वाटलं, जाऊ दे, न्यावं असंच. पहिल्या गिअरात नेलं तर जाईलही खाली. आजऱ्याच्या वाटेवर नेलंच होतं. मी जवळजवळ दार उघडलं. मग त्या पोरीकडं नजर गेली. ती चुड्यावरचा गुलाल फुंकरीनं उडवत होती.

"मला ब्रेक लागतो," मी म्हटलं.

"काय? जरा मोठ्यानं म्हण. जावयबापूंनी ऐकलं न्हाय."

"मला ब्रेक लागतो!"

आयुष्यात मी बापाशी भांडलो, फौजदाराशी भांडलो, एकदा देवळात पुजाऱ्याशी भांडलो. कुणापुढं मान खाली घातली नव्हती. ती त्या दिवशी घातली, तीन शब्दांत, दोनदा.

जावई त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "आमी चालत येतो की, मामा. लांब न्हाय." आणि लेकीच्या तोंडावर असं हसू आलं की मला उमगलं, लग्न झाल्यापासनं या दोघांना एकमेकांशी बोलायला कुणी सवडच दिली नव्हती. दोघं पायवाटेनं निघूनही गेली.

मालक मात्र हटले नाहीत. "माझी मोटार हाय. मी चालत उतरलो तर शाहूपुरीत तोंड कसं दावू?" आणि मागं जाऊन बसले. मी म्हटलं, "उतरा." ते म्हणाले, "चालव." चाकं उतरवून तेल पुसावं तर हत्यारं नव्हती. हत्यारं गाडीत ठेवणं म्हणजे ड्रायव्हरवर भरवसा नसणं, असं मीच त्यांना सांगितलं होतं. मग काय, निघालो.

पहिला गिअर टाकला. इंजिन असं गुरगुरत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. पहिलं वळण घेतलं. मागनं मालक ओरडले, "इंजिन बंद कर की! उताराला प्याट्रोल कशाला जाळतोस?"

"मालक, आजच्या दिवस जळू द्या."

दुसऱ्या वळणावर गिअर सुटला. जुनी गाडी, दांडा हातातनं निसटून मधे आला. गाडी मोकळी झाली आणि धावायला लागली. परत गिअर पडेना. समोरनं यात्रेकरूंची बैलगाडी चढत होती, आत बायकामाणसं, मांडीवर पोरं. मी ब्रेक दाबला. किती दाबला तो माझ्या पायाला ठाऊक. नुसतं पायानं नाही, कमरेनं दाबला, दातांनी दाबला. लायनरनं आवाजसुद्धा केला नाही. मालकांचं काम फत्ते झालं होतं, गाडी अजिबात कुरकुरत नव्हती.

रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी खडीचा ढीग घातला होता. मी गाडी त्या ढिगावर घातली.

गाडी थांबली. एक दिवा फुटला, मडगार्ड दुमडलं. मालक मागच्या सीटवरनं पुढच्या सीटवर आले, त्यांचा पटका माझ्या मांडीत आणि नाकातनं रक्त. माझी दोन बोटं स्टेअरिंगमध्ये अडकून मुरगळली. दुसरं काही नाही. बैलगाडीवाला खाली उतरला, ढिगावर चढलेल्या मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पावणं, ह्येला ब्रेक नसतोय व्हय?"

"असतोय की!" आम्ही दोघं एकदमच बोललो. त्या दिवसात आमचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

त्याच्याच बैलांनी मोटार ढिगावरनं ओढून काढली. मग मागं दोर बांधून दहा यात्रेकरूंनी तो धरला आणि "चांगभलं"च्या गजरात मोटार पावलापावलानं खाली आणली. मालक आत बसूनच होते. पायथ्याला लेक आणि जावई कधीच पोचली होती. भुईमुगाच्या शेंगा खात होती. आमची मिरवणूक बघून लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून मिस्त्रींकडं नेली. मी एकटाच होतो. त्यांनी ड्रम काढला, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. बोट फिरवलं, तारेसारखं एरंडेल लांबलं.

"मेलं ह्ये," ते म्हणाले. "चारी चाकांचं. टाकून द्यायचं."

"मी न्हाय घातलं."

"कुणी घातलं?"

"मालकांनी."

"का?"

"वरडत हुतं म्हणून."

मिस्त्रींनी पट्टी उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "ह्ये तर कोरंच हाय. ड्रमला बसलंच न्हाय. घासल्याबिगर कसं बसंल? तू ब्रेक मारतच नव्हतास व्हय?"

मी खाली ठेवलेला ड्रम उचलून पुसायला घेतला.

"तरीच वरडत हुतं," मिस्त्री म्हणाले. "तू वापरलंस न्हाईस म्हणून वरडलं, आणि वरडलं म्हणून त्यांनी तेल वतलं. आरं, लायनर झिजायसाठीच घालायचं असतंय. ते न्हाय झिजलं तर मग माणूस झिजतंय."

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रीही कुणाला बोलले नसावेत, त्यांचं बोलणंच कमी.

त्याच दुपारी पेढीवर गेलो. मुरगूडचे पाहुणे आले होते, तो चुलतासुद्धा. मालक गादीवर, नाकाला पट्टी. हमाल रव्यांवर. आणि तोच तो हमाल, बिडी पेटवत, सहज म्हणाला, "ड्रायव्हर, लायनर किती हंगाम टिकलं वं?"

 मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. पाहुण्यांच्या देखत मी एवढं म्हटलं असतं की मालकांनी मोटारीला एरंडेल पाजलं, तर शाहूपुरी वर्षभर हसली असती आणि माझा शब्दही वाचला असता. अर्ध्या हंगामात लायनर गेलं, पण माझ्या पायानं गेलं नाही, हे कुणालाही पटलं असतं.

लोक म्हणतात, मी मालकांची अब्रू राखली. मालकही पुढं तसंच सांगायचे. ते खरं नाही. मला भीती एवढीच होती की कुणीतरी विचारेल, पण मुळात ते ओरडत का होतं? आणि मग मिस्त्रींना बोलवतील. लायनर तेलानं गेलं हे मला चाललं असतं. ते माझ्या हुशारीनं गेलं, हे मला चाललं नसतं.

"न्हाय टिकलं," मी म्हटलं. आणि किल्ली गादीवर ठेवली.

मालक अर्धवट उठले. "आरं, तसं न्हवं... बस जरा. च्या घे."

"शब्द दिलाय."

"आरं शब्दाचं काय घिऊन बसलास! म्या काय मागितला व्हता शब्द?"

खरं होतं. मागितला हमालानं होता. पण दिला मी होता.

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "शब्द दिलासा. बरं झालं. आता त्योच चुलीवर ठेवते, शिजला की वाढते." आणि ताटात खरोखर काही वाढलं नाही. मी पाणी पिऊन उठलो. दुसऱ्या दिवशी तिनं वाढलं, पण ताट जरा जोरात आपटून.

पंधरा दिवस घरी बसलो. मग मिस्त्रींनी निरोप पाठवला. म्हणाले, "स्टेअरिंगला हात लावणार न्हाईस म्हनलास, रिबिटाला लावशील का?" लावला. तिथनं पुढं हातानं रिबीट ठोकता येईनासं होईपर्यंत मी उद्यमनगरात लायनर बसवली. ट्रकची, एष्ट्यांची, डॉक्टरांच्या मोटारींची. सगळ्यात जास्त कुणाचं टिकतं ते विचाराल तर भाड्याच्या गाडीवाल्याचं, कारण पैसा त्याच्या खिशातला जातो. सगळ्यात कमी नव्या नवऱ्याचं, त्याला प्रत्येक दारात थांबायचं असतं. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, किती टिकंल?" मी आकडा सांगत नसे. म्हणायचो, "वरडायचं थांबलं की समजा कामाला लागलं."

दोन-तीन वर्षांनी मालक स्वतः आले. लेकीला मुलगा झाला होता. त्याला जोतिबाच्या पायावर घालायचं होतं. मोटार तीच, लायनर मी स्वतः नवं बसवलं. ते बसलंय की नाही बघायला मालक बराच वेळ घुटमळले. मग म्हणाले, "तूच चल की घेऊन. पोर लहान हाय. त्या नव्या ड्रायव्हरचा मला भरवसा न्हाय."

"स्टेअरिंगला हात लावत न्हाय."

"येकदाच. म्या सांगतोय."

"न्हाय म्हंजे न्हाय." थोड्या वेळानं मीच म्हटलं, "शेजारी बसतो."

गेलो. वर दर्शन झालं आणि उतरायला लागलो. नवा ड्रायव्हर भित्रा होता. वळण दिसायच्या आधी ब्रेक, वळणावर ब्रेक, वळण संपल्यावर परत ब्रेक. सावली आडवी आली तरी ब्रेक. माझं ताजं लायनर प्रत्येक पावलाला झिजत होतं आणि मला ते ऐकू येत होतं. मागं लेकीच्या मांडीवर पोर झोपलं होतं. मालक माझ्या मानेकडं बघत होते, मी आता काहीतरी बोलेन म्हणून.

त्या ड्रायव्हरनं पायथ्यापर्यंत ब्रेकवरचा पाय काढला नाही. मी एक शब्द बोललो नाही. माझा उजवा पायही सगळा डोंगर उतरेपर्यंत समोरच्या फळीवर दाबलेलाच होता.